टेप लावू का?

सोमवार, चार तारीख

बोबडे,

सगळ्यात आधी उगवली ती वरच्या मजल्यावरची मावशी. मी दवाखान्यातून घरी येऊन चपला काढते न काढते तोच ही दारात. "अगंबाई, आलीस का जिवंत?" मी म्हटलं, नाही, मी तिकडेच आहे, तुझ्यासाठी चहा टाकायला सावली पाठवलीय. मग माझ्याच पलंगावर, माझ्याच उशीला टेकून बसली आणि तिच्या जावेच्या पित्ताच्या खड्यांची गोष्ट सुरू केली. जावेचे खडे माझ्यापेक्षा मोठे होते म्हणे. असू देत बाई, मला कुठे बक्षीस घ्यायचंय.

तिच्या मागोमाग कोपऱ्यावरची इस्त्रीवाली. हातावर एक झगा, बाही उसवलेली. मी म्हटलं, अगं माझे पोटाचे टाके अजून ओले आहेत. तर म्हणते, "तुमचे टाके सुकतील हो, पण हा ज्या बाईचा आहे तिला उद्या कामावर जायचंय." बाही लावून दिली. हसू येत होतं पण हसताना पोट दुखतं, म्हणून ओठ दाबून शिवली. तुला खोटं सांगत नाही, घरात एवढी माणसं बघून मला लग्नघर असल्यासारखं वाटत होतं. तुझी आई मात्र कोपऱ्यात हाताची घडी घालून उभी. ती माझ्यावर का चिडलीय ते पुढे लिहीन, आता हात दुखतोय.

तुझा पत्ता तिच्याकडूनच काढला. तीन दिवस मागे लागले तेव्हा दिला, तोही औषधाच्या चिठ्ठीमागे लिहून. तिकडे त्या प्रयोगशाळेत रक्ताच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या लावतेस म्हणाली. फोन तू उचलत नाहीस. दोन वर्षं झाली. पत्र तरी परत येतं का बघू, म्हणून बसले. मला लिहायची सवय नाही हे तुला माहीत आहे. मी लिहिलंय काय आयुष्यभर, गिऱ्हाइकांची मापं. छाती, कंबर, उंची, बाही. त्याच्यापुढे कधी गेलेच नाही.

त्या फोनबद्दल मी इथे काही लिहिणार नाही. तू माझ्याशी बोलावंस एवढंच मला हवंय. बाकी काही नको, पित्ताची पिशवीसुद्धा गेली.

दवाखाना कुठला विचारशील, तर तोच. तुझाच, कॉलेजचा. जवळ दुसरा आहे कुठे? ऑपरेशन छान झालं. पोटाला चार भोकं पाडली, बटनाच्या काजांएवढी, आणि त्यातून सगळं काढलं. मी त्या डॉक्टरला म्हटलं, तुम्ही माझ्या धंद्यात यायला हवं होतं. हसला.

पण तिथे एका शिकाऊ पोरीने मला एक प्रश्न विचारला, त्यावरून माझं डोकं फिरलंय ते अजून जागेवर आलेलं नाही. त्याला वेगळा कागद लागेल.

तुझी आजी


शनिवार, नऊ तारीख

बोबडे,

पत्र परत आलं नाही, म्हणजे मिळालं असं मी धरते.

आता जे सांगते ते मी घरात कुणाला सांगितलेलं नाही. तुझ्या आजोबांनासुद्धा धड नाही. तू डॉक्टरकीची चार वर्षं शिकलीयेस, तुला सांगायला हरकत नाही. तुझ्या आईच्या वेळी बाळंतपण अडलं होतं, तेव्हापासून माझं अंग बाहेर येतं. जड उचललं, जोरात शिंकले, मशीनवर फार वेळ बसले, की उतरतं खाली. अठ्ठेचाळीस वर्षं. त्यासाठी मी एक पट्टा शिवलाय. मऊ जुनं सुती कापड, मधे चार पदरी घडी, वरून बंद, बाजूला दोन हूक. दर वर्षी नवा शिवते आणि दर वर्षी थोडी सुधारणा करते. माझ्या हातून झालेली सगळ्यात नीट वस्तू तीच, बघ, आणि ती कुणाला दाखवायची सोय नाही.

ऑपरेशनच्या सकाळी सिस्टरने तो हिरवा झगा दिला. मागून उघडा, एक बंद तुटलेला. मी म्हटलं सुईदोरा दे, दोन मिनिटांत लावते. म्हणे, आजी, इथे सुई आम्हीच लावतो. बरं बाई. मी न्हाणीत जाऊन पट्टा काढला, रुमालात गुंडाळला आणि पिशवीच्या तळाशी, पेल्याखाली ठेवला. कुणीही बघितलं नाही. मग भूल दिली. दहापासून उलटं मोजा म्हणाले, मी आठापर्यंत गेले असेन.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांची फेरी झाली. मोठे डॉक्टर पुढे, मागे चार शिकाऊ, बदकाच्या पिलांसारखे. माझं पोट बघितलं, छान म्हणाले, पुढे गेले. त्यातली एक चष्मेवाली मागे राहिली. गोड पोरगी, तुझ्यापेक्षा दोनेक वर्षांनी लहान, कोटाचा खिसा शाईने माखलेला. खाली वाकून अगदी हळू मला विचारते, "आजी, तुमची गर्भपिशवी बरीच खाली आलीय. लघवीला त्रास होत असेल ना? त्यावर उपाय असतो, सहन करत बसू नका."

आधी मला काय वाटलं सांगू? बरं वाटलं. अठ्ठेचाळीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी विचारलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, मी तिचा हात धरला आणि सांगायलाच लागले, अगं, शिंकले की काय होतं, पट्टा कसा बांधते...

आणि मग माझी ट्यूब पेटली. मी म्हटलं, "थांब गं. तुला कसं कळलं?"

ती एकदम पांढरी पडली. मी पित्ताला गेले होते, बोबडे. पित्ताच्या पिशवीला खालून जिना आहे का?

मग हळूहळू बोलली. मी टेबलावर झोपलेली, भूल चढलेली. ऑपरेशन सुरू व्हायच्या आधी सर म्हणाले, बाई आहेच टेबलावर, एकेकाने आतून तपासून घ्या, नंतर संधी मिळत नाही. चौघं होते. दोन मुली, दोन मुलगे. एकामागून एक.

"हातमोजे घातले होते, आजी," ती म्हणाली.

मी म्हटलं, "हो का? बरं झालं. नाहीतर तुम्हाला थंडी वाजली असती."

ती रडायला लागली. आता ती रडते म्हटल्यावर मलाच तिला पाणी द्यावं लागलं. टाके माझ्या पोटाला आणि समजूत मीच काढतेय. पेला काढायला पिशवीत हात घातला तर खाली तो रुमाल लागला, आणि तेव्हा मला खरी लाज वाटली. एवढी लपवाछपवी कुणापासून केली होती मी?

काही दुखलं नाही. काही खुपलं नाही. मला पत्ताच नव्हता. कुणी म्हणेल, मग बिघडलं कुठे? असं समज की तू गावाहून परत आलीस, घराला कुलूप होतं तसंच आहे, चोरी काही नाही. पण कपाटातल्या कपड्यांच्या घड्या तुझ्या हातच्या नाहीत. कुणीतरी उलगडून परत घातल्यात. गेलं काहीच नाही, तरी त्या कपाटाला तू परत पहिल्यासारखा हात लावशील का?

तुझ्या आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "आई, हे कुठे बोलू नकोस. झालं ते झालं." म्हणून ती चिडलीय. मी बोलणार हे तिला माहीत आहे ना.

तुझी आजी


गुरुवार, चौदा तारीख

बोबडे,

आज टाके काढायला गेले आणि तसाच मोर्चा वळवला ऑफिसकडे. तुझी आई म्हणत होती, "चल घरी." मी म्हटलं, तू रिक्षात बस, मी आलेच. रिक्षा चार वाजेपर्यंत उभी होती.

पहिल्या खिडकीवरच्याने दुसऱ्या खिडकीवर पाठवलं. दुसरीवरची जेवायला गेली होती. तिसऱ्या खिडकीवर एक टकलू कारकून, त्याच्या टेबलावर पंख्याने कागद उडू नयेत म्हणून दगड ठेवलेले, जणू नदीकाठीच बसलाय. म्हणाला, "कशाबद्दल तक्रार?" मी सांगितलं कशाबद्दल. माझ्यामागे दहाजण रांगेत. तो म्हणाला, "आजी, जरा हळू बोला." मी म्हटलं, हळू का? चारचौघांनी केलंय, चारचौघांत बोलते.

मग त्याने माझे कागद काढले. मी सही केलेलं संमतीपत्र. सगळ्यात खाली, मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरात एक ओळ. त्याने मला भिंग दिलं, बोबडे! ऑफिसात भिंग ठेवलंय, म्हणजे त्यांनाही माहीत आहे ते कुणाला दिसत नाही. मी अक्षर अक्षर लावून वाचलं. शैक्षणिक व प्रशिक्षणात्मक प्रयोजनार्थ आवश्यक त्या सर्व तपासण्यांस माझी संमती आहे.

मी म्हटलं, "याचा अर्थ काय?"

"म्हणजे शिकण्यासाठी तपासतात, त्याला तुमची हरकत नाही असं."

"मला कुणी वाचून दाखवलं नाही."

"कुणालाच दाखवत नाहीत हो. पानं किती असतात." तो काही वाईट माणूस नाही. त्याने मला खुर्ची दिली, वर सांगत बसला, "ही ओळ पूर्वी नव्हती. दोन वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीने असाच गोंधळ घातला, लेखी अर्ज दिला, बायकांना विचारत नाही म्हणून. मग वरून आदेश आला की फॉर्ममधे ओळ घाला. आता सगळं नियमात आहे."

माझ्या हातात ते भिंग तसंच राहिलं. तू अर्ज केलास बायकांना विचारा म्हणून, आणि त्यांनी काय केलं, न विचारायची सोय करून घेतली. आणि मी त्याखाली सही केली. लपेटदार, आडव्या रेघेसकट.

मी त्याला सांगितलं नाही की ती मुलगी माझी नात. आता लिहितेय तेव्हा तोंडात कडू येतंय, पण नाही सांगितलं. तो म्हणाला, "फार डोक्याची होती ती, सोडून गेली शेवटी," आणि मी नुसती मान हलवली. हो का, म्हटलं.

मग मोठ्या डॉक्टरांकडे. त्यांनी बसवलं, चहा मागवला. चांगले आहेत, तेच तर अवघड आहे. वाईट असते तर भांडून मोकळी झाले असते. म्हणाले, "आजी, तुम्हाला काही इजा झाली का?"

"नाही."

"उलट तुमचा जुना आजार कळला. त्यावर छोटं ऑपरेशन करता येईल. त्या पट्ट्याची गरज राहणार नाही."

पट्टा! पट्ट्याबद्दल मी फक्त चष्मेवालीला बोलले होते. माझं अंग उरलंय की नाही माझ्या मालकीचं, की ते गावाच्या चावडीवर ठेवलंय?

मी म्हटलं, "डॉक्टरसाहेब, मी चाळीस वर्षं बायकांचे कपडे शिवले. छातीचं माप घ्यायला टेप पाठीमागून फिरवावी लागते, म्हणजे जवळजवळ मिठीच मारावी लागते. हजारो बायका. एकीलाही मी 'टेप लावू का' म्हटल्याशिवाय हात लावलेला नाही. मापाला आलीय, हात वर करून उभी आहे, तरी विचारायचं."

"ते ठीक आहे," ते म्हणाले, "पण इथे विचारलं तर सगळ्या नाही म्हणतील. मग ही मुलं शिकणार कुठे? उद्या तुमच्याच लेकीसुनांना नीट तपासणारा डॉक्टर मिळणार नाही."

"विचारून बघितलंत का कधी?"

त्यांच्या चहावर साय धरली होती, ती चमच्याने बाजूला काढत बसले.

"माझ्याकडे नाही म्हणणाऱ्या किती निघाल्या सांगू? दोन्ही हातांच्या बोटांवर मावतील. त्यांना मी म्हणायचे, काही हरकत नाही, एखादा जुना कपडा आणून द्या, त्यावरून माप घेते. तेही कपडे बसायचे हो अंगाला."

"बघू," म्हणाले. गिऱ्हाईक 'बघू' म्हणालं की कापड दुसऱ्या दुकानात जातं, हे मला तुझ्या जन्माआधीपासून माहीत आहे.

मला संताप कशाचा येतो ते तुला सांगते. मला विचारलं असतं ना, तर मी हो म्हटलं असतं! त्या चष्मेवालीला तर नक्कीच. मी म्हटलं असतं, ये बाळा, शीक, माझ्यासारख्या कितीजणी पट्टे बांधून फिरत असतील. मी हौसेने दिलं असतं ते त्यांनी न विचारता घेतलं. आणि आता हौसेने द्यायला माझ्याकडे उरलं काय?

तुझी आई रिक्षात बसून चिडचिडी झाली होती. म्हणाली, "तुम्ही दोघी आज्जी-नाती सारख्याच." मला इतका आनंद झाला म्हणून सांगू. तिच्या मते तो टोमणा होता.

तुझी आजी


बुधवार, वीस तारीख

बोबडे,

तुझं कार्ड आलं. "टाके कसे आहेत?" तीन शब्द. खाली नावही नाही. मी पोस्टमनसमोरच वाचलं आणि त्याला पण वाचून दाखवलं. तो म्हणाला, एवढंच? मी म्हटलं, तुला काय कळतंय, ही चार वर्षांची होईपर्यंत र बोलत नव्हती, हिच्या तीन शब्दांत पुष्कळ असतं.

टाके उत्तम आहेत. एक जरा लाल होता, आता नाही.

तुझ्या तीन शब्दांचं देणं म्हणून मी तो फोन लिहिते. लिहिणार नाही म्हटलं होतं. पण त्या कारकुनापुढे मान हलवल्यापासून मला घास गिळवत नाही.

तू फोन केलास तेव्हा मी बॉबिन भरत होते. फोन कानाखांद्यात धरला होता आणि पाय मशीनवर. तू रडत होतीस. तू म्हणालीस, "आजी, एक बाई झोपलेली होती, सरांनी आम्हाला सांगितलं, मी रांगेत चौथी होते. मी पण हात घातला. मी आधी विचारलं नाही, नंतर विचारलं की बाईंना माहीत आहे का, तर सगळे हसले." आणि तू म्हणालीस, मी अर्ज करणार आहे.

आणि मी काय म्हणाले? "झोपलेल्या बाईला काय कळतंय? तू काय जगावेगळी लागून गेलीस? गप बसून डिग्री घे." मशीन थांबवलंसुद्धा नाही. तुला तो आवाज ऐकू गेला असेल.

मला दारावर पाटी हवी होती, बोबडे. शिंपिणीच्या दारावर डॉक्टरीणबाईंची पाटी. मी तिची जागासुद्धा बघून ठेवली होती, घंटीच्या वर. बाकी काही नाही. चाळीस वर्षं मी प्रत्येक बाईला विचारलं, टेप लावू का, आणि माझ्या स्वतःच्या नातीने सांगितलं की एका बाईला विचारलं नाही, तर मी म्हटलं, त्याने काय होतंय.

त्यानंतर तू अर्ज एकटीने दिलास. वर्गाने तुझ्याशी बोलणं टाकलं, तू शिक्षण सोडलंस, आणि मी गावभर सांगत फिरले की तुला हॉस्टेलचं जेवणखाण मानवलं नाही.

झोपलेल्या बाईला कळतं. उशिरा कळतं, पण कळतं. ती बाई कोण होती कुणास ठाऊक. मी आता तिच्या जागी झोपून आलेय, म्हणून तिच्या वतीने तुला सांगते, तू अर्ज केलास ते बरं केलंस. माझ्या वतीने काय सांगायचं ते मला लिहिता येत नाही. मी दोनदा लिहिलं आणि दोनदा खोडलं, कागद फाटला बघ तिथे.

तुझी आजी


मंगळवार, सव्वीस तारीख

बोबडे,

आज कोण आलं होतं ओळख. सगळ्यात आधी चष्मेवाली. दारात उभी, हातात फुलं, ती पण उलटी धरलेली. तिच्यामागे तिची मैत्रीण, ती सारखी हसते, भीती वाटली तरी हसते. आणि त्यांच्यामागे एक उंच मुलगा, तो उंबऱ्याबाहेरच. "आत ये की," म्हटलं, तर म्हणतो, "तुम्ही म्हणाल तर येईन." मी म्हटलं, हे आधी सुचलं असतं तर! त्याचे कान लाल झाले. आला मग. चौघांतला चौथा नाही आला. त्याला हे सगळं फालतू वाटतं असं हसरीने सांगितलं, हसत.

माफी मागायला आले होते. आपल्या घरात कुणाला माफी मागता येत नाही हे मला माहीत आहे, त्यांनाही येत नव्हती. तिघं एका ओळीत बसले, चहा पिईनात. मला ते बघवेना. मी म्हटलं, चष्मेवाले, तू ऊठ, इकडे मशीनपाशी ये, हात वर कर. डोळे मीट.

माझ्या मनात होतं की आता हिच्याभोवती न विचारता टेप टाकायची, म्हणजे कळेल. टेप गळ्यातून काढली, मागे गेले. पोरीचे खांदे आखडले होते. बिचारी श्वास धरून उभी. आणि माझ्या तोंडातून आपोआप गेलं, "टेप लावू का गं?"

चाळीस वर्षांची सवय. मी डाव साधायला गेले आणि माझ्याच जिभेने घोटाळा केला. मला हसू फुटलं. चष्मेवाली डोळे उघडून बघायला लागली, तिला वाटलं तिचं काही चुकलं. मग ती म्हणाली, "हो, लावा." तिचे खांदे इतके खाली आले म्हणून सांगू, एक इंच तरी. माप बदलतं गं त्याने. न विचारता घेतलेलं माप चुकतं, हे मी इतकी वर्षं करत आले, पण असं शब्दांत आजच सापडलं. उंच मुलगा आमच्याकडे बघत होता, तो एकदम म्हणाला, "आम्हाला टेबलावर घाई असते म्हणून काही नीट कळतही नाही." मी म्हटलं, मग एवढा खटाटोप कशासाठी रे बाबा?

त्यांनी एक कागद आणला होता. मोठे डॉक्टर पुढच्या महिन्यात बैठकीत ठेवतो म्हणालेत, तो नवा फॉर्म. विचारायचा वेगळा फॉर्म, त्या मुंगीच्या ओळीऐवजी. माझ्याकडे का आणला? चष्मेवाली म्हणाली, "तुम्हाला वाचता आला तर सगळ्यांना येईल, आजी." कुणी माझ्या शिक्षणाचा असा मान केला नव्हता. मी चष्मा लावून बसले. पहिल्याच ओळीत अडकले. श्रोणि तपासणी की काय. मी म्हटलं, हे कुणाचं आडनाव आहे?

मग मी सांगितलं, लिही. उंच मुलाच्या हातात पेन दिलं. लिही, तुम्ही भूल घेऊन झोपलेल्या असताना आमच्यातले दोघं तुमच्या खालच्या अंगात हात घालून तपासतील. त्याचं पेन थांबलं. "असं लिहायचं?" मी म्हटलं, करता तसं लिहायचं. लिहायला लाज वाटते तर करायला का नाही वाटली? लिही पुढे. तुमच्या आजारासाठी याची गरज नाही. आमच्या शिकण्यासाठी आहे. तुम्ही नाही म्हणालात तरी तुमचे उपचार तेच आणि तसेच. आणि ते दोघं कोण, ते आदल्या दिवशी तुमच्या समोर येऊन, नाव सांगून विचारतील.

हसरी म्हणाली, "दोघंच? आम्ही चौघं असतो."

"दोघं. रांग नको. रांग रेशनला."

माझ्या त्या अंगाच्या ऑपरेशनची तारीख घेतलीय, पुढच्या महिन्यात. पट्टा सुटणार. मी त्यांना म्हटलं, बैठकीचं काय व्हायचं ते होवो, तुमच्या या कागदावर पहिली सही माझी. चष्मेवालीने मग खुर्ची ओढून माझ्यासमोर घेतली, मांडीवर हात ठेवले आणि नाव सांगून रीतसर विचारलं. मी हो म्हटलं. उंच मुलाने पण विचारलं. त्याला मी नाही म्हटलं. त्याने मान डोलवली, "बरं, आजी," म्हणाला आणि चहा प्यायला लागला. झालं की! आभाळ कुठे कोसळलं? मोठ्या डॉक्टरांना हे दाखवायला हवं होतं.

आणि मग ते घडलं ज्यासाठी हे पत्र. चष्मेवाली कागद घडी घालताना म्हणाली, "आमच्या वरच्या वर्गात एक मुलगी होती, तिने पहिल्यांदा अर्ज दिला होता. सर आम्हाला तिचं उदाहरण देऊन गप्प करायचे. पण तिच्या अर्जाची झेरॉक्स आमच्याकडे फिरते. हा कागद आम्ही त्यावरूनच केला. ती कुठे गेली कुणाला माहीत नाही."

तुझी आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. माझ्याकडे बघून मान हलवत होती, नको, नको. मी म्हटलं, "मला माहीत आहे. ती माझी नात. आणि तिने मला सांगितलं तेव्हा मी तिला गप बस म्हटलं होतं."

हसरीसुद्धा हसायची थांबली. मग तुझी आई आतून बाहेर आली आणि त्यांच्या बशीत बिस्किटं वाढायला लागली. उंच मुलाला चार दिली.

त्यांना तो कागद तुला दाखवायचाय. तू सांगशील तसा बदलायचाय. आणि मला भूल चढताना माझ्या उशाशी तू उभी असावीस असं मला वाटतं. आठापर्यंत मोजून होईपर्यंत. पुढचं तू बघ. कोण येतं, कोण काय विचारतं.

पण मी तुला बोलावत नाही, विचारते. येशील का? हो म्हण, नाही म्हण, माझं तुझ्यावरचं प्रेम तेच आणि तसंच. यायचं नसेल तर तुझा एखादा जुना सदरा पोस्टाने पाठव. दोन वर्षांत तू केवढी झालीस मला माहीत नाही, त्यावरून माप घेईन.

पोरं रविवारी चार वाजता परत येतो म्हणून गेलीत.

तुझी आजी